पहिला पुरस्कार, पण कुठला?

अगं, बीएएसएलपी (वाचा-श्रवण उपचारांची पदवी) होऊन जेमतेम वर्ष झालंय आणि पुरस्काराचं विचारतेस, छान आहे! अमेरिकेतल्या 'आशा' (ASHA) ह्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेचा सर्वोच्च सन्मान, 'ऑनर्स ऑफ द असोसिएशन', आयुष्यभराच्या कामासाठी असतो. तो सध्या विसर. तुझी सुरुवात इशाकॉनमधल्या, म्हणजे आपल्याकडच्या वाचा-श्रवण संघटनेच्या वार्षिक परिषदेतल्या, पेपर किंवा पोस्टरपासून.

नवखे चुकतात ते इथे:

- विषय अवाढव्य घेतात. तोतरेपणावर सगळं नको. कोथरूडच्या क्लिनिकमध्ये मराठी-इंग्रजी दोन्ही बोलणारी मुलं येतात ना? त्यांच्यातला एकच नेमका प्रश्न धर.
- नोंदी मागाहून गोळा करतात. थेरपीआधीचं मोजमाप नसेल तर सुधारणा दाखवणार कशी? माझा पहिला पेपर ह्याच पायी गेला. पहिल्या दिवसापासून लिही, आणि पालकांची लेखी संमती आधी घे, विशेषतः व्हिडिओसाठी.
- 'तुमची निवड झाली आहे, फक्त शुल्क भरा' अशा मेलला भुलतात. ती ट्रॉफी विकत मिळते. घरच्यांना आवडते, परीक्षकांना नाही.

आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी चालू आहे ना, तेही बघ. संख्याशास्त्राचं पुढे बोलू. आधी गोषवारा लिहून पाठव, रविवारी वाचते.