६०,००० युनिटची गोळी आठवड्याला एकच

भाऊ, जळगावच्या उन्हात राहून व्हिटॅमिन डी कमी कसं, याचं नवल करू नका. आपण तोंडाला रुमाल बांधून फिरतो, आणि काचेतून आलेल्या उन्हाने डी बनत नाही. सकाळचं कोवळं ऊनही फारसं कामाचं नाही. हिवाळ्यात अकरानंतरचं घ्या, मे महिन्यात मात्र साडेनऊलाच आटपा.

रिपोर्ट २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर डॉक्टर बहुधा ६०,००० युनिटची गोळी आठवड्याला एक, अशी ८ आठवडे देतात. वार ठरवून टाका. चुकून रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम चढतं: मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान. मुतखडा असेल तर आधीच सांगा. उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. तर्रीदार शेवभाजी जेवलात की लगेच घ्या. ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी.