रानडुकरांसाठी कमी आवाजाची बंदूक कोणती घ्यावी?

तुम्ही विचारलंय की शेत उत्तर सोलापुरात आहे, रानडुकरं तुरीत शिरतात, तर वीस-पंचवीस पावलांवरून मारता येईल आणि आवाज वस्तीपर्यंत जाणार नाही अशी बंदूक नि काडतुसं कोणती? माझं रान नान्नजच्या वाटेवर आहे. वडिलांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. त्या अनुभवावरून सांगतो: अशी बंदूक शोधूच नका.

बंदुकीचा आवाज दोन प्रकारचा. नळीच्या तोंडातून दाबाचा वायू सुटतो तो धडाका, आणि गोळी सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा जोरात गेली तर हवेत कडाडते ती वेगळी. आवाज कमी हवा तर गोळी हळू सोडावी लागते. पॉइंट बावीसच्या, म्हणजे बारीक नळीच्या रायफलची हळू गोळी साधारण ३२० मीटर वेगाने जाते, तिची ताकद सव्वाशे-दीडशे ज्यूल. बारा बोअरचं, म्हणजे जाड नळीच्या बंदुकीचं काडतूस दोन हजारांच्या पुढे जातं. विनापरवाना मिळणारी पॉइंट १७७ ची एअरगन तर वीस ज्यूलच्या आतच असते. थोराड डुकराच्या खांद्यावरची कातडी आणि चरबी म्हणजे चिलखत. त्यात अशी कमी ताकदीची गोळी अडकते, जनावर मरत नाही.

ते कसं दिसतं ते मी पाहिलंय. कुणीतरी एअरगननं मारलेली मादी तिसऱ्या दिवशी आमच्या बांधाच्या कडेला सापडली. पोटाला हरभऱ्याएवढं भोक, त्यात किडे, आणि ती अजून श्वास घेत होती. मागं चार पिलं फिरत होती. मी वनखात्याला फोन केला, माणसं यायला संध्याकाळ झाली. जखमी डुक्कर अंगावरही येतं. तुरीच्या दाट रानात पाच पावलांवर ते दिसत नाही.

आता कायदा. आवाज दाबणारं साधन शस्त्र कायद्यात स्वतःच बंदुकीत मोजलं जातं, म्हणजे नळीला ते लावायचं तरी त्याचा परवाना लागतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, जखमी करणं आणि प्रयत्न करणं हेसुद्धा शिकारच. आपलं नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं आहे आणि त्यात शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीही येतात, त्यामुळे तुमचा गट नंबर हद्दीत येतो का ते आधी बघा. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन जाणं हाच गुन्हा. याच माळरानात काळवीट नि लांडगे फिरतात, अंधारात काय टिपलं ते कळत नाही.

नुकसान करणाऱ्या डुकराला मारायची परवानगी वनखातं देऊ शकतं, पण ती लेखी हवी आणि मेलेलं जनावर सरकारजमा होतं. परवानगी असेल तर आवाज लपवायचं कारणच उरत नाही. आणि माझ्या मते डुकरासाठी आवाज हाच आपला उपयोगी सोबती आहे. वडिलांची बंदूक मी लहान असताना बहुतेक वेळा आभाळाकडे नुसत्या बारुदावर वाजायची. कळप दोन-तीन रात्री फिरकत नसे. नंतर सरावतो, म्हणून जागलीची जागा बदलायची, माळ्यावर दिवा एकाच ठिकाणी ठेवायचा नाही. हुरड्याच्या दिवसांत तर रानात माणसं, पाहुणे, लेकरं असतात. रात्री कुणाचीही चाहूल लागली तरी गोळी सोडायची नसते.

जास्त भरवसा सौर कुंपणावर ठेवा. त्यात विजेचे बारीक ठोके देणारं यंत्र असतं, जीव जात नाही. थेट घरगुती वीज तारेत सोडू नका, त्यानं माणसं मरतात. यंदाच्या नुकसानीची भरपाई मागायची असेल तर सकाळीच वनरक्षकाला कळवा. पंचनामा होईपर्यंत मोडलेली झाडं उचलू नका, खुरांच्या ठशाशेजारी विळा ठेवून फोटो घ्या आणि गड्यांना त्या सरीतून चालू देऊ नका.