मुंबईच्या कार्डिनलांना मत का देता आले नाही?

प्रश्न : मे २०२५ मध्ये झालेल्या पोपच्या निवडणुकीत गोव्याचे आर्चबिशप कार्डिनल फिलिप नेरी फेर्राव यांनी मतदान केले, मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांना मात्र ते करता आले नाही. असे का? आणि कार्डिनल हे बिशपच्या वरचे पद आहे काय?
— एक वाचक, वसई

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. पोप सहावे पॉल यांनी १९७० साली ऐंशी वर्षांवरील कार्डिनलांचा मताधिकार काढून घेतला. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी निवर्तले. कार्डिनल ग्रेशस यांना त्याआधीच, डिसेंबरात, ऐंशी वर्षे पूर्ण झाली होती. त्यांचे कार्डिनलपद मात्र कायम आहे.

दुसऱ्या प्रश्नाला थोडी जागा द्यावी लागेल. कॅथलिक चर्चमध्ये दीक्षेच्या पायऱ्या तीनच आहेत : डीकन, धर्मगुरू आणि बिशप. कार्डिनलपदासाठी निराळी दीक्षा नसते; पोप ते बहाल करतात. एकोणिसाव्या शतकात पोप नववे पायस यांचे परराष्ट्र व्यवहार सांभाळणारे कार्डिनल अँतोनेल्ली हे अखेरपर्यंत डीकनच होते, धर्मगुरू कधी झालेच नाहीत. कार्डिनल हा बिशप असावा, हा नियम १९६२ चा, म्हणजे तसा कालपरवाचाच.

पोप हे मुळात रोमचे बिशप, आणि कार्डिनल हे रोम व परिसरातील चर्चांचे प्रमुख धर्मसेवक. त्यामुळे आपला बिशप निवडण्याचा हक्क ओघानेच त्यांच्याकडे आला आणि दुसऱ्या निकोलस यांनी १०५९ साली, राजेरजवाड्यांची व रोमच्या उमराव घराण्यांची ढवळाढवळ रोखण्यासाठी, त्याला कायद्याचे रूप दिले. हे नाते कागदोपत्री आजही पाळले जाते. कार्डिनल फेर्राव यांना रोममधील सांता मारिया इन व्हिया हे चर्च नेमून दिले आहे, तर कार्डिनल ग्रेशस यांना शहराच्या कडेच्या कोर्वियाले वस्तीतले. अशा चर्चच्या दर्शनी भिंतीवर पोपच्या मानचिन्हाशेजारी त्या कार्डिनलाचे मानचिन्ह लावतात. कारभार मात्र स्थानिक धर्मगुरूच पाहतात.

या मतदारांनी दिरंगाईही भरपूर केली आहे. चौथे क्लेमेंट १२६८ साली व्हितेर्बो येथे वारल्यावर नवा पोप ठरायला जवळपास तीन वर्षे लागली. वैतागलेल्या गावकऱ्यांनी कार्डिनलांना कोंडून घातले आणि छप्परही उतरवले, असे सांगतात. त्या निवडणुकीतून आलेल्या दहाव्या ग्रेगरी यांनी १२७४ साली नियमच केला : तीन दिवसांत निर्णय न झाल्यास जेवणात एकच पदार्थ, आणखी पाच दिवसांनंतर केवळ पाव, पाणी आणि वाइन. उपाय कठोर खरा, पण रोग ओळखून केलेला. जेवणावरची ही बंधने पुढे सुटली. बंद दाराआड मतदान करण्याची रीत मात्र टिकली.

एक तपशील मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. ऐंशी वर्षांची अट मतदारांना आहे, उमेदवाराला नाही. तत्त्वतः कार्डिनल नसलेली व्यक्तीही पोप होऊ शकते. अशी शेवटची निवड १३७८ साली सहाव्या अर्बन यांची झाली.