गोधडीच्या काठावरचे अर्धगोल कोपऱ्यात जुळत नाहीत, काय चुकतंय?

बहुतेक तुम्ही माप गोल पट्टीच्या, म्हणजे जिच्या कडेने शिवतात त्या साच्याच्या, कडेचं धरलंय. रूलर फूट (पट्टीच्या कडेला टेकून चालणारा मशीनचा फूट) लावला की सुई पट्टीच्या कडेपासून पाव इंच बाहेर चालते. म्हणून 6 इंची अर्धगोलाला साडेपाच इंच व्यासाची पट्टी लागते.

कोपऱ्यांचे चौकोन सोडून उरलेला काठ मोजा. समजा 58 इंच आला: 9 अर्धगोल बसून 4 इंच उरतात. ते मधल्या 8 जागांत अर्धा-अर्धा इंच वाटा, खडूने आखा. शिवण मध्यापासून कोपऱ्यांकडे न्या. आपल्या खान्देशात आत जुनी लुगडी असतात, ती सरकून कोपऱ्यात चुण्या पडतात. आधी दर 4 इंचांवर धावदोरा हवाच. मशीनचे कापड पुढे सरकवणारे दाते खाली करा.

ताटली-वाटी आखायला चालेल, फूटला टेकवायला मात्र नाही. पातळ कडेवर फूट चढला की सुई मोडलीच.