अवेळी पाऊस, रेंगाळलेली थंडी : बागायतदारांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : डिसेंबरात हापूसला मोहोर आला, वाटाण्याएवढी कैरीही धरली. जानेवारीत कडाका वाढला आणि त्याच फांद्यांना पुन्हा मोहोर फुटून कैरी गळली. थंडी तर आंब्याला मानवते ना? शिवाय मधूनच मळभ येतं, तेव्हा काय फवारावं? (देवगड)

उत्तर : मानवते, पण वेळेवर आणि बेताची. ऑक्टोबरात पाऊस थांबून जमीन सुकली, पालवी जून झालेली असली आणि रात्रीचा पारा पंधरा-अठरा अंशांपर्यंत उतरला की हापूस मोहोरतो. फळ धरल्यावरही तीच थंडी ठाण मांडून बसली, तर झाड त्याच फांदीला नवा मोहोर काढतं. अन्नरस तिकडे वळतो आणि आधीची कैरी गळते. हा पुनर्मोहोर. बघणाऱ्याला कलमं डवरलेली दिसतात आणि मालकाच्या मात्र सुरुवातीच्या, चढ्या भावाच्या पेट्या गेलेल्या असतात.

पहिल्या मोहोराला भरपूर फळ धरलं असेल, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस जिब्रेलिक आम्लाची, म्हणजे झाडाच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या एका संजीवकाची आहे : 50 पीपीएम, म्हणजे 20 लिटर पाण्यात 1 ग्रॅम. पावडर पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा. कडाक्याचा अंदाज कळताच फवारा. नवा मोहोर दिसू लागल्यावर खर्च वाया जातो. अजून मोहोर यायच्या फांद्यांवर मात्र नको, कारण हे संजीवक मोहोरच रोखतं.

मळभाचं म्हणाल, तर दमट हवेत तुडतुडे ही कीड आणि भुरी, करपा हे रोग वाढतात हे खरं. पण ढग दिसला की पंप पाठीला लावायचा, ही सवय मला पटत नाही. आधी मोहोर हलवून तुडतुडे किती आहेत ते बघा. फुलं उमललेली असताना कीटकनाशक मारलं तर परागीकरण करणाऱ्या माश्या मरतात. मग फळ धरायचं कसं?

प्रश्न : वरून निर्दोष आंबा, कापला की आत साका, म्हणजे पांढरट, स्पंजासारखा गर. कशामुळे? (रत्नागिरी)

उत्तर : उष्णता हे मोठं कारण. कातळावरच्या बागेत तापलेल्या जमिनीची धग फळाला लागते. झाडाखाली वाळलेल्या गवताचं आच्छादन घाला. आंबा झाडावर पूर्ण पिकवू नका, चौदा आणे तयार झाला की सकाळी लवकर काढा आणि काढलेला माल उन्हात ठेवू नका. हापूस तयार होता होता आतल्या बाठ्यात रुजण्याची हालचाल सुरू होते, तिचाही साक्याशी संबंध आहे. म्हणून उशीर महागात पडतो.

प्रश्न : दसऱ्याच्या सुमारास कापणीला आलेलं भात दरवर्षी पावसात आडवं होतं. (संगमेश्वर)

उत्तर : तुमचं सगळं भात हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं आहे, असं पत्रावरून दिसतं. जूनमध्ये पेरलेलं हळवं भात सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला तयार होतं, म्हणजे नेमकं परतीच्या पावसाच्या तोंडी. मुंबईतून मोसमी पाऊस परतायची सरासरी तारीखच 8 ऑक्टोबर आहे. वरकस जमिनीत पाणी टिकत नाही, तिथे हळव्याला पर्याय नाही. पण पाणी धरणाऱ्या मळ्यांत निमगरवं (मध्यम मुदतीचं) किंवा गरवं (उशिरा तयार होणारं) लावा, म्हणजे लोंब्या पाऊस सरल्यावर पिकतील. युरियाचा हात आखडा. जास्त नत्राने भात माजतं आणि वाऱ्याला लोळतं. आडवं झालंच, तर खाचरातलं पाणी काढून टाका आणि चार-सहा चूड (भाताचे झुबके) एकत्र बांधून उभे करा. पाण्यात टेकलेल्या लोंब्यांना दोन-चार दिवसांत मोड येतात.

प्रश्न : निसर्ग वादळात पोफळी (सुपारीची झाडं) गेल्या. नव्या लावल्या, त्या पिवळ्या पडून करपतात. (श्रीवर्धन)

उत्तर : 3 जून 2020च्या त्या वादळाने तुमच्याकडच्या वाड्यांची सावलीच नेली. पोफळीच्या रोपाला लहानपणी थेट ऊन सोसत नाही, दुपारनंतरचं पश्चिमेचं तर नाहीच. त्या बाजूला केळी लावा. पोफळी वाढेपर्यंत घडही मिळतील. मुळाशी पाणी साचत नाही ना, तेही बघा. जुन्या झाडांवर कोळेरोगासाठी (यात फळं कुजून गळतात) मोरचूद आणि चुन्याचं 1 टक्का बोर्डो मिश्रण पावसाआधी एकदा आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून पुन्हा फवारा.