‘काढून टाकणे’साठी इंग्रजीत नेमके क्रियापद कोणते?

मराठीत शाळेतून, घरातून, नोकरीतून, सगळीकडून माणसाला ‘काढतात’. इंग्रजीत मात्र आधी बघा, कुठून काढले. शाळा किंवा पक्षातून काढले तर एक्स्पेल, भाडेकरूला घराबाहेर काढले तर इव्हिक्ट, परदेशी माणसाला देशाबाहेर पाठवले तर डिपोर्ट. तिन्हींनंतर ‘फ्रॉम’ येते. एक्स्पेलच्या भूतकाळी रूपात ‘एल’ दोनदा लिहा आणि नाम करताना एक्स्पल्शन म्हणा.

नोकरीच्या शब्दांत जपून राहा, कारण इथली चूक माणसाच्या नावाला लागते. फायर किंवा ब्रिटिश बोलीतले सॅक म्हटले की बहुधा दोष कर्मचाऱ्याचा, असा अर्थ निघतो. कंपनीने खर्च कमी करायला माणसे कमी केली असतील तर ले ऑफ. बायोडेटात स्वतःबद्दल ‘फायर्ड’ लिहून बसू नका. ‘लेड ऑफ’ लिहा, तेही खरेच तसे घडले असेल तरच.

सर्वांत जास्त घोळ इम्पीचचा. त्याचा अर्थ पदावरून काढणे नव्हे, तर महाभियोगाचा आरोप ठेवणे. अमेरिकेचे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन 1868 मध्ये इम्पीच झाले, पण सिनेटमध्ये एका मताने वाचले आणि पदावर राहिले. पद खरेच गेले असेल तर ‘रिमूव्ह्ड फ्रॉम ऑफिस’ लिहा.