नांदेडहून छत्रपती संभाजीनगरला बिऱ्हाड हलवताना गॅस सिलिंडर टेम्पोत न्यावा का?

नाही, सिलिंडर आणि रेग्युलेटर नांदेडच्याच एजन्सीत जमा करा. गॅस एजन्सीच्या काउंटरवर बसतो, म्हणून सांगतो: गाव बदललं की कनेक्शन कागदावर जातं, टाकी जात नाही. तिथे ट्रान्सफर व्हाउचर आणि डिपॉझिट परत मिळतं. तेच व्हाउचर नवीन पत्त्याच्या पुराव्यासोबत संभाजीनगरच्या एजन्सीत दिलं की कनेक्शन सुरू. मेख डिपॉझिटमध्ये आहे. परत मिळते ती कनेक्शन घेताना भरलेली रक्कम, नवीन भरायची ती आजच्या दराने. जून २०२२ मध्येच १४.२ किलोच्या सिलिंडरचं डिपॉझिट १,४५० वरून २,२०० रुपये झालं, त्यामुळे वडिलांच्या काळातलं कनेक्शन असेल तर फरक खिशातून जाणार. टाकी संपत आल्यावरच जमा करा, उरलेल्या गॅसचे पैसे कोणी देत नाही. जाताना सोबत न्यायचं ते इतकंच:

- शेगडी
- गॅसचं पुस्तक
- नळी (वरची तारीख बघा, पाच वर्षं झाली असतील तर इथेच टाकून द्या)

नांदेडातच घर बदलत असाल तर मात्र टाकी जमा करायची गरज नाही, पत्ता बदलून घेतला की झालं.